विल्बर अंकलचा डावा हात

बनेद अल-गारमधल्या त्या हॉटेलची लॉबी सध्या अर्धी प्लास्टिकखाली झाकलेली आहे. सोफे भिंतीला लावून ठेवलेत, झुंबर उतरवलंय, आणि रिसेप्शनवरची मुलगी येईल त्याच्याकडे धुळीबद्दल दिलगिरी व्यक्त करतेय. कुवेतमध्ये धुळीबद्दल दिलगिरी व्यक्त करणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं. इथे वसंत ऋतू म्हणजे नारिंगी आकाश आणि दातांखाली कचकचणारी रेती. त्याची कुणी कुणाकडे माफी मागत नाही.

आम्ही तिघं चहाला आलो होतो. बाबा, माझी लेक इरा आणि मी. बाबा निवृत्त होऊन सांगलीला परतले त्याला आता बरीच वर्षं झाली. सध्या थोड्या दिवसांसाठी माझ्याकडे आलेत आणि रोज एकेका जुन्या जागेची हजेरी घेताहेत. आई आली नाही. जन्मभर सरकारी इस्पितळात दुसऱ्यांचे गुडघे वाकवणाऱ्या या फिजिओथेरपिस्ट बाईचे स्वतःचे गुडघे विमानात बसायला तयार नाहीत. "पण त्या लॉबीत चहा घेतल्याशिवाय येऊ नका," असं तिने फोनवरून बजावलं होतं. आईचं बजावणं आमच्या घरात अजूनही औषधासारखं वेळेवर घेतात.

लिफ्टच्या शेजारी, गुंडाळून ठेवलेल्या गालिच्यांच्या मागे, पियानो उभा होता. डोक्यावर प्लास्टिकचं रोप. मी त्याला ओळखलं ते झाकणाच्या कडेवरून. गडद तपकिरी लाकडात बोटभर रुंदीची एक फिकट पट्टी आहे. सामानाची ढकलगाडी आपटून तिथला तुकडा उडाला होता आणि बाळा मेस्त्रीने नवा बसवला होता. बाळा मेस्त्री कुडाळकडचा सुतार, कंत्राटावर आलेला, शहराबाहेर जहराला चारपाच गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहायचा. पट्टी घासता घासता म्हणाला होता, "रंग जुळूचो नाय ताई, पण झाकण आता हलूचा नाय." रंग जुळला नाहीच. झाकण अजून हललेलं नाही.

मी त्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि आधी वास आला. खरं तर काहीच वास येत नव्हता, सिमेंट आणि ताजा रंग सोडून. पण मला आला. वेलदोडा घातलेली पिवळसर अरबी कॉफी, कोपऱ्यातल्या धूपदाणीतला ऊद, काळं बूटपॉलिश आणि पेपरमिंटची गोळी. शेवटचे दोन वास विल्बर अंकलचे.

विल्बर अंकल या लॉबीत पियानो वाजवायचे. मी तिसरीत होते तेव्हापासून माझं बारावीचं वर्ष संपेपर्यंत. ते अमेरिकेतले, मिझुरीमधल्या कुठल्याशा नदीकाठच्या गावचे. उंच, काळे, आखूड पांढऱ्या केसांचे, आणि उन्हाळा असो की हिवाळा, अंगात वेस्टकोट. रोज दुपारच्या नमाजानंतर ते येऊन बसायचे आणि सूर्य मावळतीला उतरेपर्यंत रॅगटाइम आणि जुनं जॅझ वाजवायचे. माझी आई ड्यूटी संपवून मला शाळेच्या बसवरून घ्यायची आणि आम्ही दोघी इथे बसायचो, कारण बाबांच्या कंपनीची बस त्यांना सुलैबियाच्या कारखान्यातून आणून या हॉटेलच्या दारातच सोडायची. एका चहात आम्ही मायलेकी बसून राहायचो. वेटर बिचारे काही बोलत नसत.

रॅगटाइम म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं. विल्बर अंकलनी वाजवणं न थांबवता सांगितलं, "डावा हात वेळेवर कामाला जातो. उजवा उशिरा येतो, पण कारणं फार छान सांगतो." त्यानंतर मोठमोठ्या लोकांनी लिहिलेलं बरंच वाचलं मी, पण एवढं स्वच्छ कुणी सांगितलं नाही. डावा हात आधी पार खाली जाऊन एक जाड स्वर घ्यायचा, मग उडी मारून मधल्या पट्ट्यांवर स्वरांचा झुबका. धुम-चक, धुम-चक. चाल कधी बदलायची नाही. आणि उजव्या हाताचे स्वर त्या चालीवर पडता पडता राहायचे, मधल्याच फटीत सांडायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं आता चुकलं, आणि ते चुकायचं नाही.

स्वतःचं आयुष्य त्यांनी कधी सलग सांगितलं नाही. दोन गाण्यांच्या मधे, लिंबू पिळलेल्या काळ्या चहाबरोबर जे तुकडे पडायचे ते मी गोळा केले. त्यांना आत्याने वाढवलं. आत्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, आणि रविवारी घरात रॅग वाजवायला सक्त बंदी होती. म्हणून रविवारी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाजवायचे, आवाजाशिवाय. खरं शिक्षण झालं एका न्हाव्याच्या दुकानात, कारण तिथे मागच्या बाजूला एक मोडका पियानो होता. मग नदीवरच्या सहलीच्या बोटी, मग पट्ट्यापट्ट्यांचं जाकीट घालून पिझ्झाच्या हॉटेलात, मग एका संग्रहालयात मूकपटांच्या साथीला. एकदा त्यांची तबकडी निघाली. तिच्या वेष्टनावर त्यांचा फोटो नव्हता, बोटीचा होता. "बोट माझ्यापेक्षा देखणी होती," ते म्हणायचे. पुढे समुद्रावरची मोठी जहाजं, आणि मग एका हिवाळ्यापुरतं कुवेत. तो हिवाळा संपला नाही. का राहिलात, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "बोट इथे थांबली." खरं तर ते विमानाने आले होते.

बाबांची आणि त्यांची मैत्री भांडणातून झाली. बाबा सुलैबियातल्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल बघायचे, आणि शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी आमच्या फ्लॅटवर भजन असायचं त्यात टाळ धरायचे. टाळ म्हणजे बाबांचा धर्म. एका संध्याकाळी ते बसमधून उतरून लॉबीत आले, पियानो जोरात चालला होता, आणि त्यांनी ठेका धरून टाळ्या द्यायला सुरुवात केली. विल्बर अंकल थांबले. वळून म्हणाले, "सर, तुम्ही धुमवर टाळी देताय. टाळी चकवर असते."

"समेवर टाळी नाही द्यायची?" बाबांनी मला विचारलं. मी भाषांतर केलं. बाबा म्हणाले, "त्यांना सांग, सम सोडून टाळी देणं म्हणजे दार उघडं असताना खिडकीतून घरात शिरणं."

मी तेही भाषांतर केलं. विल्बर अंकल खूप वेळ हसले. म्हणाले, "माझ्या आत्याच्या चर्चमध्ये धुमवर टाळी दिली असती तर तिने चष्म्यावरून बघितलं असतं. आणि ते बघणं आठवडाभर पुरायचं."

त्या दिवसापासून बाबांनी त्यांचं नाव विल्बरराव ठेवलं. आणि तो वाद मिटला नाही तो नाहीच. विल्बरराव आमच्याकडे जेवायला यायचे, भजनाला भिंतीला टेकून बसायचे आणि सगळी मंडळी आरतीला टाळ्या द्यायला लागली की डोळे मिटून घ्यायचे. लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत झाडून सगळे धुमवर. त्यांनी आम्हाला सुधारण्याचा प्रयत्न केला. एका शुक्रवारी बाळा मेस्त्रीला समोर बसवून त्याची दोन्ही मनगटं धरली आणि चकवर हात आपटायला लावले. धरलं तोवर जमलं. सोडलं की मेस्त्री पुन्हा धुमवर. "माका जमाचा नाय वो," तो हात जोडून म्हणाला, "आमच्या दशावतारात झांज थयच पडता. हात आपोआप जाता थय." विल्बर अंकलनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तो म्हणतोय की त्याच्या गावात असंच आहे. "त्यांचं गाव चुकतंय," विल्बर अंकल शांतपणे म्हणाले आणि पुरणपोळी मागून घेतली.

त्या वर्षांतले ऋतू मला पियानोच्या तब्येतीवरून आठवतात. धुळीचे दिवस आले की हवा कोरडी पडायची, लाकूड कुरकुरायचं, आणि विल्बर अंकल पियानोची खालची फळी काढून दुधाच्या रिकाम्या डब्यात पाणी भरून आत ठेवायचे. तो भरायचं काम माझं. पियानोला तहान लागते, यावर माझा इतका विश्वास होता की मी एकदा त्यात गुलाबपाणी घातलं, आणि काही दिवस सगळं वाजवणं लग्नघरासारखं दरवळलं. ऑगस्टात उलट. समुद्रावरून दमट वारं यायचं, काचांवर बाहेरून घाम फुटायचा आणि काही पट्ट्या दाबल्या की वरच यायच्या नाहीत. मग विल्बर अंकल त्या पट्ट्यांना वगळून वाजवायचे आणि त्या गाण्याला म्हणायचे ऑगस्टची आवृत्ती. हिवाळ्यात सकाळी धुकं, लॉबीची दारं उघडी, रस्त्यापलीकडच्या बेकरीतून गरम खुबूस रोट्यांचा वास थेट आत. आणि रमजानमध्ये पियानो महिनाभर बंद. त्या महिन्यात ते संध्याकाळी आमच्याकडे यायचे आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर वाजवायचे, लहानपणीच्या रविवारसारखे, आवाजाशिवाय. फक्त बोटांची टपटप, आणि टेबलाखाली बुटाच्या टाचेची. आई कोथिंबीर निवडत ऐकायची. "आज छान वाजवलं," असंही म्हणायची, आणि ते मान झुकवायचे.

आईचा आणि त्यांचा खरा बंध मात्र साबुदाण्याचा. एका एकादशीला ते अवचित आले आणि आईने खिचडी पुढे ठेवली. त्यांनी एक घास घेतला, मग चमच्यातली खिचडी डोळ्यांजवळ नेऊन बघितली. म्हणाले, "एकही दाणा दुसऱ्याला चिकटलेला नाही. उजवा हात असा पाहिजे." आईच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे आलं ते मी तिला बढती मिळाली तेव्हाही पाहिलं नव्हतं. पुढच्या काही आठवड्यांत त्यांनी एक नवी चीज बांधली. स्वच्छ, मोकळी, दाणा दाणा सुटा. नाव ठेवलं साबुदाणा रॅग. लॉबीत ती पहिल्यांदा वाजली तेव्हा आई इस्पितळातल्या चार नर्सेसना घेऊन आली होती, आणि विल्बर अंकलनी नाव सांगितल्यावर तिने बसल्या जागेवरून त्यांचा 'ण' सुधारला.

मी त्यांच्याकडे शिकले, पण फक्त डावा हात. वर्षानुवर्षं धुम-चक. उजवा कधी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "डावा झोपेत चालायला लागला की." मला राग यायचा. उजव्या हाताला सगळी गंमत आणि आपण नुसतं दळण दळायचं. मी चहा पिता पिता त्यांच्या उजव्या हाताकडे टक लावून बघायचे आणि साबुदाणा रॅगची पहिली ओळ मांडीवर चोरून वाजवायचे. त्यांना दिसत असणार. बोलले नाहीत कधी.

मग एका हिवाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हलका होता, बोलणं शाबूत राहिलं, पाय आठवडाभरात जमिनीवर आले. गेला तो डावा हात. खांद्यापासून नुसता लोंबत होता. आई इस्पितळात त्यांना बघून आली. दुसऱ्या दिवशी हॉटेलचा मॅनेजर, लेबनॉनचा एक भला माणूस, आईला भेटायला आला. तो म्हणाला, मालकांनी वसंतापर्यंत थांबायचं कबूल केलंय. तोवर वाजवता आलं तर ठीक. नाहीतर करार संपेल, करार संपला की इकामा संपेल, आणि इकामा नसला की या देशात राहता येत नाही, हे आम्हा सगळ्यांना पाठच होतं.

विल्बर अंकल आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसले होते, डावा हात उजव्या हाताने उचलून टेबलावर ठेवलेला. आईला म्हणाले, "मला घरी जायला आवडेल. पण हरून नाही. आत्याच्या गावात मला ओळखणारा एकच माणूस उरलाय, आणि त्याचं माझं भांडण आहे."

"मग घरी जाऊ नका," आई म्हणाली. "अंगठा उचला."

त्या टेबलावर मग रोज शाळा भरायला लागली. आईने परातीत राजमा, काबुली चणे आणि साबुदाणा एकत्र कालवला आणि डाव्या हाताने वेचून वेगवेगळ्या वाट्यांत टाकायला सांगितलं. आधी राजमा. मी शेजारी गृहपाठ करायचे आणि कानात तो आवाज असायचा. बराच वेळ काहीच नाही, मग स्टीलच्या वाटीत टण्ण. बाबा कामावरून आले की बूट न काढता आधी वाटी बघायचे. महिनाभराने चणे यायला लागले. आई मायाळू नव्हती. "मिस्टर विल्बर, खांदा नको, बोट," एवढंच तिचं पालुपद. ते चिडायचे, मिझुरीकडच्या शिव्या पुटपुटायचे, आई ऐकू न आल्यासारखं करून परात हलवून पुन्हा सगळं मिसळायची. आणि एका दुपारी त्यांनी अंगठा आणि तर्जनीत साबुदाण्याचा एक दाणा धरला, वर उचलला, वाटीपर्यंत नेला आणि सोडला. आवाजसुद्धा झाला नाही. आईने डोळे पुसले आणि आम्हाला म्हणाली की कांदा लागला. त्या दिवशी घरात कांदा चिरलेलाच नव्हता.

बोटं आली. पण उडी आली नाही. पियानोच्या मधल्या पट्ट्यांवर हात ठेवला की चक नीट वाजायचं. तिथून खाली जाऊन धुम घेऊन वेळेत परत यायला जो खांदा लागतो, कोपर लागतं, ते आईच्याही हातात नव्हतं. धुम गेलं ते गेलंच. विल्बर अंकल लॉबीत येऊन सराव करायला लागले आणि मी ऐकत बसायचे. उजवा हात पूर्वीसारखाच सुटा, मोकळा. खाली मात्र रिकाम्या जागा. चक, चक, चक. एका पायावर लंगडी घालत चाललेलं गाणं. त्यांनी मला खालचे स्वर वाजवायला शेजारी बसवून पाहिलं. पण करार एका माणसाचा होता, आणि मला शाळा होती, आणि त्यांना दया नको होती.

मार्चमधला एक शुक्रवार ठरला. मालक स्वतः ऐकायला येणार होते. बाबांनी शुक्रवारचं भजन रद्द केलं, आमच्या मंडळाच्या इतिहासात हे एकदाच घडलं असेल, आणि सगळ्यांना, आईच्या नर्सेसनाही, लॉबीत चहाला बोलावलं. जहराहून बाळा मेस्त्री आणि त्याचे गाववाले एका पिकअपमधून आले, धुतलेले शर्ट घालून, केसांना तेल लावून. बाबांनी हॉटेलच्या पायऱ्यांवरच सगळ्यांना गोळा केलं. "एक नीट ऐका," ते म्हणाले. "आज कुणीही टाळी द्यायची नाही. आपण चुकीच्या जागी देतो, विल्बररावांचा घोळ होतो. हात मांडीखाली ठेवून बसायचं. विषय आयुष्याचा आहे."

"बोलूचा तरी काय नाय?" मेस्त्रीने विचारलं.

"चहा प्यायचा," बाबा म्हणाले.

बाहेर आकाश नारिंगी होत चाललं होतं, काचांवर रेती सळसळत होती. मालक आले, म्हातारे कुवेती गृहस्थ, पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशात, हातात जपमाळ. खांबाजवळच्या खुर्चीत बसले. विल्बर अंकलनी वेस्टकोटची बटणं लावली, त्यातलं एक डाव्या हाताने, आणि साबुदाणा रॅग सुरू केला.

लंगडत होतं. सगळ्यांना कळत होतं, पियानोतलं काही न कळणाऱ्यांनासुद्धा. वरचे दाणे सुंदर पडत होते आणि त्यांना खाली जमीनच नव्हती. मॅनेजर बुटांकडे बघत होता. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. दुसरी ओळ आली आणि विल्बर अंकलचा चेहरा मला बाजूने दिसला. ते थांबणार होते. मी तो चेहरा ओळखत होते.

तेवढ्यात धुम झालं.

बाळा मेस्त्रीचा हात मांडीखालून कधी निघाला ते त्यालाही कळलं नसावं. सुताराचा जाड पंजा, स्वतःच्या गुडघ्यावर, बरोब्बर समेवर. मग पुन्हा. बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. मेस्त्रीने जीभ चावली, हात मागे घेतला. आणि पुढच्या समेला जमीन पुन्हा गेली.

विल्बर अंकलनी मान वळवली. बोटं चालूच होती. "त्याला सांग," ते मला म्हणाले, "पुन्हा तिथेच. आणि तुझ्या बाबांनाही सांग. आज सगळ्यांनी चुकायचं."

मी उभी राहून मराठीत ओरडले. मला आवाजाचं भान नव्हतं. बाबांनी मांडीखालून हात काढले आणि टाळी दिली. आयुष्यभर दिली तशी. मग मेस्त्री, मग गाववाले, नर्सेस, मुलं, सगळे. धुम आमचं, चक त्यांचं. चाल भरून आली. खालून लॉबी चालत होती आणि वर साबुदाणा सुटा सुटा सांडत होता, आणि एकदाही कुणाचा ठेका हलला नाही, कारण जिथे आम्हाला चुकायचं शिक्षणच लागत नव्हतं तिथेच चुकायचं होतं. विल्बर अंकल हसत होते. पूर्ण दात दिसेपर्यंत. मालकांच्या हातातली माळ थांबली, मग त्यांचा बूट हलायला लागला. तोही धुमवर. मला फार आनंद झाला. इतका साधा आणि पुरेपूर आनंद त्यानंतर मला मोजक्याच वेळी झालाय.

इकामा झाला. शुक्रवारचं भजन सकाळी हललं आणि दुपारी सगळी मंडळी लॉबीत. दर शुक्रवारी, वर्षानुवर्षं. हॉटेलात उतरणाऱ्या लोकांना वाटायचं ही इथलीच पद्धत आहे, तेही टाळ्या द्यायचे. आठवड्याच्या इतर दिवशी विल्बर अंकल संथ गाणी वाजवायचे, ज्यांना उडी लागत नाही. रॅग फक्त शुक्रवारी. बाबा आणि ते तरीही भांडायचेच. "चुकीचं ते चुकीचंच," विल्बरराव म्हणायचे, "मला त्याची गरज आहे एवढंच." मी फिजिओथेरपी शिकायला पुण्याला गेले त्याच वर्षी ते घरी परतले, स्वतःच्या मर्जीने. विमानतळावर बाबा आणि बाळा मेस्त्री गेले होते. नंतर एकदा आईला त्यांचा फोन आला. आत्याच्या चर्चमध्ये त्यांनी एका रविवारी साबुदाणा रॅग वाजवला होता. बंदी घालायला कुणी उरलं नव्हतं, आणि भांडणवाला माणूस पहिल्या बाकावर बसून टाळ्या देत होता. "कुठे?" आईने विचारलं. "अगदी बरोबर जागी," ते म्हणाले. "मजा आली नाही."

हे सगळं झाकणावरच्या त्या पट्टीवर बोट ठेवून मला आठवलं, आणि चहा आला. मी रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, वाजवून बघू का. ती म्हणाली, सूर लावलेले नाहीत, माफ करा. मी रोप खाली ठेवलं. स्टूल नव्हतं, टाइल्सचं एक खोकं ओढून बसले. पट्ट्या पिवळ्या पडल्यात, दोन बसल्यात त्या उठत नाहीत. ऑगस्टची आवृत्ती. डाव्या हाताने धुम-चक सुरू केलं. इतक्या वर्षांनी हात खरंच झोपेत चालल्यासारखा गेला.

बाबांनी कप खाली ठेवला आणि टाळी दिली. धुमवर.

इराने कानातला एक इअरफोन काढला. ती इथेच वाढलेली, मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. "आबा, नो," ती म्हणाली. "यू आर ऑन द राँग बीट. इट्स हिअर." आणि तिने दाखवायला टाळी दिली. चकवर. कुणी शिकवलं नव्हतं तिला.

"सम इथे आहे," बाबा म्हणाले आणि जोरात टाळी दिली.

"आबा, सीरियसली." तिने आणखी जोरात.

दोघंही हट्टी. कुणी ऐकेना. आजोबा धुमवर, नात चकवर, एकमेकांकडे डोळे वटारून, आणि दोघांत मिळून ती चाल जशीच्या तशी उभी राहिली. रिसेप्शनवरची मुलगी बघायला बाहेर आली. रंगाऱ्याने शिडीवरून मान वळवली. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की माझ्या डाव्या हाताला आता काही कामच नाही. मी तो उचलून मांडीवर ठेवला.

मग उजवा हात पट्ट्यांवर नेला आणि मांडीवर चोरून शिकलेली ती पहिली ओळ सुरू केली. तो थोडा उशिराच पोचला.